सरांना चित्र काढता येतं का?

आमच्या शाळेत एक प्रश्न कायम चर्चेत असायचा. चित्रकलेच्या सरांना चित्र काढता येतं का?

गणिताच्या बाईंना गणित येतं की नाही, अशी शंका कोणाच्या मनाला शिवत नाही, कारण त्या फळ्यावर रोज ते करून दाखवतात. आमचे हे सर मात्र कधीच काही काढून दाखवत नसत. नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. नाशिक शहर संपून मळे सुरू होतात तिथं, पाटाच्या कडेला आमची माध्यमिक शाळा होती. वर्गातली निम्मी मुलं भाजीवाल्यांची आणि फुलवाल्यांची, म्हणजे विकणाऱ्यांची नव्हे, पिकवणाऱ्यांची. आम्हाला कामाची पारख होती. ज्याला विळा धरता येत नाही त्यानं मेथी कशी काढायची हे सांगू नये, असं आमच्याकडं सरळ गणित होतं. त्यामुळं सरांचं हे प्रकरण आम्हाला फार खुपायचं.

त्यांचं अक्षर मात्र देखणं. शाळेच्या दारातला सुविचाराचा फळा तेच लिहायचे आणि लोक सायकली थांबवून तो वाचायचे. स्नेहसंमेलनाच्या पडद्यावरची ठळक अक्षरं त्यांचीच. पण त्याच पडद्यावर मोर काढायची वेळ आली की सर बाजूला सरकायचे आणि दहावीच्या मुलींना पुढं करायचे. एक पक्ष म्हणायचा, सर मोठे कलाकार आहेत, आपल्यासमोर काढणं त्यांना कमीपणाचं वाटतं. दुसरा पक्ष म्हणायचा, काही येत नाही त्यांना, वशिल्यानं लागलेत. मी दोन्ही पक्षांत आलटून पालटून असायची. खरं काय ते शोधून काढायचंच, असं मी आठवीत असताना ठरवून टाकलं. मला एखादी गोष्ट कळली नाही की माझं डोकं फिरतं, ही सवय अजून गेलेली नाही.

म्हणून एकदा मी मुद्दाम वही घेऊन त्यांच्याकडं गेले. म्हटलं, "सर, हत्तीची सोंड जमत नाहीये. काढून द्या ना."

सगळा वर्ग माना वर करून बघायला लागला. सरांनी वही हातात घेतली, खिशातली पेन्सिलसुद्धा काढली. मग विचारलं, "हत्ती पाहिलायस का तू?"

"सर्कशीतला. लांबून."

"घरी काय आहे?"

"गाय आहे."

"मग मला सांग, गाईचे कान शिंगांच्या पुढं असतात की मागं?"

ती गाय मी जन्मापासून बघत होते. तिचं शेण काढत होते, तिच्या मानेखाली खाजवत होते. आणि मला तिचे कान कुठं आहेत हे सांगता येत नव्हतं. वर्गातल्या कोणालाच येत नव्हतं. वादावादी जुंपली, तास संपला आणि पेन्सिल सरांच्या खिशात परत गेली. संध्याकाळी मी गोठ्यात जाऊन उभी राहिले. कान शिंगांच्या खाली होते, जरासे मागच्या अंगाला, आणि ऐकताना ते फिरत होते. दुसऱ्या दिवशी शाळेत कळलं की ज्यांच्याकडं गाय नव्हती ते शेजाऱ्यांच्या गोठ्यात जाऊन आले होते. हत्ती कोणाच्या लक्षातसुद्धा राहिला नव्हता.

असं ते दर वेळी निसटायचे. आपण काही मागायला जावं आणि प्रश्न घेऊन परत यावं. भिंतीवर पडलेली सावली काळी असते का? नीट बघ. मेथीच्या जुडीत किती वेगळे हिरवे आहेत? बादलीतल्या पाण्यात हात घातला की हात कुठं मोडल्यासारखा दिसतो? इतर शिक्षक अभ्यासक्रम मागं पडला म्हणून चित्रकलेचा तास हक्कानं घेऊन टाकायचे आणि सर हसून देऊन टाकायचे. तेव्हा आम्हीच चिडायचो.

त्याची भरपाई ते रविवारी करायचे. चित्रकलेच्या सरकारी ग्रेड परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी प्रयोगशाळेसमोरच्या व्हरांड्यात सकाळचा वर्ग असायचा. फी नाही, काही नाही. मधोमध एका स्टुलावर पोचे पडलेलं पातेलं, एखादं वांगं, एक फडकं. आम्ही भोवती बसायचो. सर मागून फिरत राहायचे. कोणाच्या कागदाला हात लावायचा नाही, खोडून द्यायचं नाही, फक्त वाकून विचारायचं, "तुला इथून कडा दिसतेय? की आहे हे माहीत आहे म्हणून काढलीस?"

मला पुढं चित्रकार व्हायचं होतं असं काही नव्हतं. चित्रकार म्हणजे काय करतात हेही मला ठाऊक नव्हतं. मला तो रविवार हवा होता. बाकी सगळा आठवडा मला कोणीतरी काहीतरी सांगत असायचं. रविवारी मात्र मला कोणीतरी विचारायचं, आणि माझं उत्तर ऐकायला थांबायचं. दुसरं कुठंच तसं होत नव्हतं.

अडचण एवढीच की रविवार नानांनाही हवा होता. आम्ही वडिलांना नाना म्हणायचो. आमच्या मळ्यात ॲस्टर असायचं, पांढरं आणि जांभळं. लग्नसराईत आणि सणासुदीला रविवारचा फुलांचा तोडा मोठा. पहाटे फुलं कापायची, शेडमध्ये गोणपाटावर बसून देठांचा खालचा पाला ओरबाडून काढायचा, वेडीवाकडी कळी खुडायची, जुड्या बांधून पाण्याच्या टिपात, म्हणजे पिंपात, उभ्या करायच्या आणि मग नाना त्या गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठच्या फुलबाजारात घेऊन जायचे. माझा हात या कामात चांगला बसला होता. मी रविवारी गेले की आईवर सगळा भार पडायचा. नाना वाईट नव्हते, पण रोखठोक होते. मी नववीत ग्रेडच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसणार म्हटल्यावर त्यांनी अट घातली.

"अ आणलास तर जा पुढल्या वर्षी बी. नायतर मग रविवारी घरी. शाळेचे सहा दिवस काय कमी हायेत का?"

मी कबूल केलं. मला अ मिळणार याबद्दल मला काडीची शंका नव्हती. गर्वाचं घर खाली असतं हे त्या वेळी फक्त म्हणी पाठ करताना माहीत होतं.

परीक्षेचं केंद्र शहरातल्या एका मोठ्या शाळेत होतं. निसर्गचित्राच्या पेपरला प्रत्येकाच्या बाकावर बाटलीत एक डहाळी ठेवतात आणि ती समोर बघून काढायची असते. कोणाला जास्वंद आली, कोणाला कण्हेर. माझ्यासमोर आलं ॲस्टर. मला हसूच फुटलं. सगळं नाशिक सोडून नेमकं घरचंच फूल! मी ते उचलून बघितलं, परत बाटलीत ठेवलं आणि कामाला लागले. इतकं मन लावून मी आजवर काही काढलं नव्हतं. गाईचे कान लक्षात ठेवून काढलं. प्रत्येक पाकळी विचारून विचारून काढली.

पेपर संपत आला तेव्हा पर्यवेक्षिका बाई माझ्या बाकापाशी थांबल्या. त्यांनी बाटलीकडं बघितलं, मग बाकाखाली बघितलं. तिथं पानांचा छोटासा ढीग पडला होता.

"हे काय केलंस गं? डहाळी सोललीस?"

मी खाली बघितलं. ती डहाळी हातात घेतली त्या क्षणी माझ्या बोटांनी खालचा सगळा पाला सर्रकन ओरबाडून टाकला होता. बाजूची कळीही खुडली होती. मला पत्ताच नव्हता. जुडी बांधायच्या तयारीत असलेलं एक स्वच्छ, नागडं फूल मी मन लावून कागदावर उतरवलं होतं. निसर्गचित्रात ज्याचे गुण असतात ती पानं, ते फाटे, ते एकमेकांवर आलेले आकार, सगळे बाकाखाली पडले होते.

निकाल लागला. मला क मिळाला.

नाना रागावले नाहीत, त्यानं जास्त वाईट वाटलं. ते एवढंच म्हणाले, "ठरलं होतं ना आपलं?" ठरलं होतं. पुढच्या रविवारी मी गोणपाटावर बसून पाला ओरबाडत होते आणि त्या पाल्याचा मला इतका संताप येत होता की आईनं मला दोनदा हटकलं.

त्याच रविवारी, सकाळचा वर्ग आटोपून, सर सायकलवरून आमच्या मळ्यात आले. थंडीचे दिवस, कानाला मफलर, सायकल बांधाला टेकवलेली. मला वाटलं, आता नानांना समजावतील, माझे गुण गातील. आईनं घाईघाईनं सतरंजी आणली. सर सतरंजीवर बसलेच नाहीत. ते उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसले आणि नानांच्या हाताकडं बघत राहिले.

"हा खालचा पाला का काढता?" त्यांनी विचारलं.

नाना म्हणाले, "पाण्यात सडतो ना सर. सडला की जुडी वास मारती."

"आणि ही बाजूची कळी?"

"ती नाय उमलत आता. तिच्यामुळं जुडी विसकटलेली दिसती. ठेवून काय करायची?"

सर माझ्याकडं वळले. चेहरा नुसता उजळला होता. "म्हणून खुडलीस होय! परीक्षेच्या त्या बाईंनी मला सांगितलं तेव्हापासून मी विचार करतोय, एवढं बघून काढणारी ही मुलगी असं का करेल?"

मी चकित झाले. मला क मिळाल्याबद्दल त्यांना काहीच म्हणायचं नव्हतं. माझ्या बोटांनी तसं का केलं हे बघायला ते एवढ्या थंडीत सायकल मारत आले होते. मलाही तोवर त्याचं कारण कोणी विचारलं नव्हतं.

पण नानांचा पारा चढायला लागला होता. हातातली जुडी बांधून त्यांनी बाजूला ठेवली. "सर, राग मानू नका. पोरगी रविवारी जाती, इथं आमची तारांबळ उडती. आणि एवढं करून आलं काय, तर क. ही सांगती, तुम्ही पोरांना कधी काय काढूनच दाखवत नाय. मी हिला जुडी शिकवली तर पहिली माझ्या हातानं बांधून दाखवली."

ते मीच घरी हसत हसत सांगितलं होतं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"खरं आहे तुमचं," सर म्हणाले.

"मग हे घ्या फूल. काढून दाखवा. बघू तरी पोरगी कोणाकडं शिकती. पटलं तर पुढल्या वर्षी बी पाठवतो, माझा शब्द."

आई मध्ये पडायला लागली, "अवो, असं काय बोलता सरांना," पण सरांनी हात वर केला. मला म्हणाले, "कागद आण."

मी धावत गेले. खरं सांगते, माझ्या रविवाराचा निकाल लागत होता आणि तरी माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हाच, की आज कळणार. अख्ख्या शाळेला जे कळलं नाही ते आज मला कळणार!

सरांनी माझा चित्रकलेचा बोर्ड मांडीवर घेतला. पाल्यासकट एक डहाळी समोरच्या डब्यात उभी करून ठेवली आणि काढायला लागले. मी मागं उभी होते. ते खूप सावकाश काढत होते. खोडायचे, परत काढायचे, पेन्सिलीला टोक करायचे. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. आणि कागदावर हळूहळू उमटायला लागलं ते असं.

मधोमध एक गोल. त्याच्याभोवती एकसारख्या, एका मापाच्या पाकळ्या. खाली सरळसोट देठ. देठाच्या डावीकडं एक पान, उजवीकडं एक पान, अगदी समोरासमोर. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यात असतं ते फूल. ॲस्टरचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. सर त्या फुलाकडं बघत होते, पण त्यांचा हात बघत नव्हता.

त्यांनी कागद नानांच्या हातात दिला. नानांनी तो लांब धरला, जवळ धरला आणि खूश होऊन म्हणाले, "वा! हुबेहूब! अगं, बघ इकडं, कसं छापल्यासारखं काढलंय सरांनी! नाय सर, मानलं. येईल पोरगी रविवारी."

झालं. माझा रविवार मला परत मिळाला. मी सुटकेचा श्वास सोडणार एवढ्यात सर म्हणाले, "थांबा. हिला विचारू." आणि तो कागद माझ्यासमोर धरला. "काय चुकलंय यात?"

मला त्यांचा असा राग आला! झाकली मूठ सव्वा लाखाची. नाना खूश आहेत, शब्द दिलाय, आता हे कशाला? काही चुकलं नाही म्हटलं तर सगळं जागच्या जागी राहणार होतं. चुकलंय म्हटलं तर नानांच्या नजरेत सर उतरणार, मी आगाऊ ठरणार आणि रविवार गेला तो गेलाच. मी सरांकडं बघितलं. ते नेहमीसारखेच उत्तराची वाट बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर दुसरं काही नव्हतं. मला रडू यायला लागलं म्हणून मी नजर वळवून डब्यातल्या फुलाकडं बघितलं, आणि तिथंच फसले. एकदा फुलाकडं बघितल्यावर खोटं बोलणं मला जमेना.

"पाकळ्या सारख्या नाहीत," मी म्हटलं. "या बाजूच्या आपल्याकडं वळल्यात, त्या आखूड दिसतात. देठ सरळ नाही, फुलाच्या खाली मानेत वाकलाय. आणि पानं समोरासमोर नाहीत. एक खाली, मग दुसऱ्या बाजूला एक वर."

सर प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. नाना मात्र ताठ झाले. "सरांच्या चुका काढती?"

"मी नाही काढत नाना. फूलच तसं आहे."

नानांनी ती डहाळी डब्यातून ओढली. फिरवून बघितली. मग टिपातून दुसरी काढून तिचीही पानं बघितली, मग तिसरीची. त्यांचं सगळं आयुष्य या फुलांत गेलं होतं. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "खरंच की. एक खाली, एक वर. हे माझ्या कधी ध्यानातच नाय आलं." आणि मग सरांकडं वळून, अगदी सरळ, त्यांच्या पद्धतीनं विचारलं, "मग सर, हिला तुमच्यापेक्षा जास्त दिसतं, तर तुमच्याकडं पाठवून करू काय?"

सर म्हणाले, "दर रविवारी मी तिला एवढंच विचारतो, काय दिसतंय. दुसरं मला काही येत नाही. इथं कामाच्या गडबडीत तिला ते कोण विचारेल?"

नानांनी जुडी हातात घेतली, बांधली, टिपात ठेवली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "रविवारी आधी तोडा करून जायचं. अंधारात उठावं लागंल."

"उठेन."

"सरांना चहा दे."

एवढंच. पण आमच्या घरात ठराव असेच पास व्हायचे. सर गेल्यावर नानांनी तो कागद शेडमधल्या खिळ्याला अडकवला आणि मला दटावलं, "तू काय बी म्हण, मला तर आवडलंय."

दहावीत मी परत परीक्षेला बसले. या वेळी डहाळी समोर आल्यावर दोन्ही हात आधी मांडीखाली दाबून ठेवले. ब मिळाला. नाना म्हणाले, अ का नाही, पण तोवर रविवार माझा झालेला होता. पुढं मी चित्रंच काढत राहिले. आता चित्र म्हणजे काय, तर सातपूरच्या एका छापखान्यात द्राक्षांच्या खोक्यांवर छापायचे घड. त्यातसुद्धा प्रत्येक मणी गोल नसतो, यावर मी मालकाशी भांडायची.

सरांचं ते फूल मी मैत्रिणींना अनेकदा रंगवून सांगितलं. माझी खात्री झाली होती की सरांनी ते मुद्दाम वाईट काढलं. मी खरं बोलते का हे पाहायचं होतं, नानांना माझी नजर दाखवायची होती, म्हणून हा डाव टाकला. किती हुशार माणूस, असं मी म्हणायची, आणि ऐकणाऱ्यांनाही ते पटायचं.

दोन हजारनंतर बऱ्याच वर्षांनी सर मला नाशिकमध्येच, द्वारकेच्या चौकात भेटले. निवृत्त झालेले, हातात भाजीची पिशवी. रस्ता खणून ठेवलेला, रिक्षा मिळत नव्हती, म्हणून आम्ही दोघं एका दुकानाच्या पायरीवर उभे राहिलो. मी खोक्यांवरच्या घडांचं सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, मण्यांवरचा तो पांढुरका थर तू कसा दाखवतेस? मग मला राहवलं नाही.

"सर, त्या दिवशी आमच्या मळ्यात ते फूल तुम्ही मुद्दाम तसं काढलं होतंत ना?"

सरांना आधी कळेचना. मग आठवलं, आणि ते मनापासून हसले.

"मुद्दाम? अगं, तुझे वडील समोर बसलेले, तुझं सगळं त्या फुलावर अडलेलं. मुद्दाम कशाला वाईट काढीन? जीव ओतून काढलं होतं मी ते. तेवढं चांगलं फूल माझ्या हातून त्याआधीही आलं नाही आणि नंतरही नाही."

रिक्षा येऊन थांबली. मी त्यांची पिशवी आत ठेवली, त्यांना बसवलं. आपल्या हातून निघालेलं सगळ्यात चांगलं फूल त्यांनी त्या दिवशी माझ्यासमोर धरलं होतं आणि विचारलं होतं, काय चुकलंय यात?